न्यू जर्सीत नवीन आलायत आणि पोरांना शाळेत घालायचंय? मग हे आधी वाचा

दर ऑगस्टच्या शेवटी आमच्या गावातल्या शाळेत नव्या कुटुंबांसाठी स्वागताची संध्याकाळ असते आणि मी तिथे मराठी-हिंदी बोलणारी पालक म्हणून एका टेबलावर बसते. समोर येणारे चेहरे ओळखीचे वाटतात, कोणी पिंपरीहून आलेलं, कोणी नाशिकहून, विमानाचा शीण अजून उतरलेला नसतो, हातात फाईल आणि बाजूला आईचा ओढणीचा कोपरा धरून उभं असलेलं पोरगं. प्रश्न तेच असतात म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं. मी न्यू जर्सीबद्दलच लिहिणार आहे कारण मला तेच नीट माहितीये, दुसऱ्या राज्यात बऱ्याच गोष्टी वेगळ्या असतात.

आधी एक गोंधळ दूर करू. डिस्ट्रिक्ट म्हटलं की आपल्या डोक्यात जिल्हा येतो, पण इथे जिल्ह्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे काउंटी, आणि स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे साधारण एका गावाचा स्वतःचा शाळांचा कारभार. त्याचं बोर्ड बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं असतं, त्याच्या हाताखाली सुपरिंटेंडंट म्हणजे शाळांचा मुख्य अधिकारी असतो आणि शाळांचा मोठा खर्च गावातल्या घरांच्या प्रॉपर्टी टॅक्समधून निघतो. एवढ्याशा न्यू जर्सीत असे जवळजवळ सहाशे डिस्ट्रिक्ट आहेत. त्यामुळे एडिसन गावात राहणाऱ्या मैत्रिणीने सांगितलेली तारीख किंवा फॉर्म तुमच्या गावात चालेलच असं नाही, आपल्या डिस्ट्रिक्टच्या ऑफिसलाच विचारायचं.

पहिली पायरी: घर घ्यायच्या आधी पत्ता तपासा

सरकारी शाळा इथे फुकट आहे आणि ती पत्त्यावर मिळते, डोनेशन नाही, इंटरव्ह्यू नाही, लॉटरी नाही. पण पत्ता म्हणजे पोस्टाचा पत्ता नव्हे हे खूप जणांना लीज साइन केल्यावर कळतं. पत्रावर प्रिन्स्टन लिहिलेलं असतं पण घर प्रत्यक्षात साउथ ब्रन्सविक, वेस्ट विंडसर किंवा लॉरेन्सच्या हद्दीत असू शकतं, आणि मग शाळा प्रिन्स्टनची मिळत नाही. इझलिनचं पण तसंच, भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडच्या आसपास म्हणून लोक एडिसन धरून चालतात पण इझलिन वुडब्रिज टाउनशिपमध्ये येतं. आणि एकाच डिस्ट्रिक्टमध्येसुद्धा कुठल्या रस्त्याची मुलं कुठल्या शाळेत जाणार हे ठरलेलं असतं, एडिसनलाच दोन हायस्कूल आहेत, एडिसन हाय आणि जे. पी. स्टीव्हन्स. भाड्याच्या घरांच्या साइटवर शाळेचं नाव दिलेलं असतं त्याच्यावर विसंबू नका, घर नंबरासकट पूर्ण पत्ता घेऊन डिस्ट्रिक्टच्या रजिस्ट्रेशन ऑफिसला फोन करा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी पायरी: कागद

बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये आधी ऑनलाइन फॉर्म भरायचा आणि मग अपॉइंटमेंट घेऊन कागद दाखवायचे. मुलाचा जन्मदाखला किंवा पासपोर्ट, पालकांचं ओळखपत्र, लीज, वीज किंवा गॅसचं बिल, बँकेचं पत्र, आधीच्या शाळेचा दाखला आणि प्रगतिपुस्तक. आल्या आल्या बिल कुठून आणणार, तर घाबरू नका, राज्याचा नियम असा आहे की डिस्ट्रिक्टने एकाच ठराविक कागदाचा हट्ट धरायचा नाही, जे आहे ते सगळं मिळून बघायचं. मित्राकडे किंवा मावशीकडे राहात असाल तर त्यांच्याकडून शपथपत्र घेऊन काम होतं, त्याचा नमुना ऑफिसमध्येच मिळतो.

आता हे लक्षपूर्वक वाचा. आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा दुसऱ्या गावात होतो आणि तिथे खिडकीवरच्या बाईंनी व्हिसाचे कागद आणि टॅक्सचे कागद मागितले, मी सगळं मुकाट्याने दिलं. नंतर कळलं की प्रवेशासाठी इमिग्रेशनचे कागद, सोशल सिक्युरिटी नंबर किंवा इन्कम टॅक्स रिटर्न यांची अट घालताच येत नाही. १९८२ साली प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की इमिग्रेशन स्टेटसवरून कुठल्याही मुलाला सरकारी शाळेतून बाहेर ठेवता येणार नाही. फक्त मूल स्वतः एफ-१ विद्यार्थी व्हिसावर येत असेल तर त्याचे नियम वेगळे आहेत, आईबापाच्या नोकरीच्या व्हिसाबरोबर आलेल्या एच-४ किंवा एल-२ वाल्यांना ते लागू नाहीत. आणि समजा तुम्ही इथले रहिवासी नाही असं म्हणून प्रवेश नाकारला तर लेखी नोटीस मागा, २१ दिवसांत राज्याच्या एज्युकेशन कमिशनरकडे अपील करता येतं आणि अपील चालू असेपर्यंत मूल शाळेत जाऊ शकतं. हे माहीत असलं की आवाज न चढवता, शांतपणे बोलता येतं.

नावाचंही आत्ताच बघून घ्या. आपल्या पासपोर्टवर मुलाच्या नावापुढे वडलांचं नाव चिकटलेलं असतं आणि मग शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये मुलीला वडलांच्या नावाने हाक मारली जाते. फॉर्ममध्ये हाक मारायचं नाव वेगळं लिहायची जागा असते तिथे लिहा आणि उच्चार कसा करायचा तेही लिहा, शिक्षक मनापासून प्रयत्न करतात.

तिसरी पायरी: लसी, इथेच सगळ्यात जास्त अडतं

भारतातून निघायच्या आधी बाळाचं लसीकरणाचं कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा आणि एका साध्या कागदावर सगळ्या लसी तारखेनिशी इंग्रजीत लिहून सही-शिक्का घ्या. महिना अक्षरात लिहायला सांगा. इथे आधी महिना आणि मग तारीख लिहितात, त्यामुळे आपलं ०५/०६ म्हणजे ५ जून इथे ६ मे होतं, आणि एका लसीत नि दुसऱ्या लसीत जे ठराविक अंतर लागतं ते हिशोबात चुकतं आणि पोराला उगाच परत टोचतात.

दुसरं म्हणजे गोवर. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात नवव्या महिन्यानंतर गोवर-रुबेलाची लस देतात. इथे पहिला वाढदिवस झाल्यानंतर दिलेलाच डोस धरतात, त्यामुळे नवव्या महिन्याचा डोस मोजला जात नाही. शिवाय सरकारी लसीत गालगुंडाचा भाग नसतो आणि इथे एमएमआर लागतं, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला तिन्ही. कांजिण्यांची लसही इथे लागते, ती आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात नाही, खासगी डॉक्टरांकडे घेतली असेल तरच असते. जमलं तर भारतातच पूर्ण करून या, पैसेही वाचतात आणि इथे आल्यावर डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळायची वाट बघावी लागत नाही. सहावीत जाणाऱ्या मुलांना टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिंगोकॉकलची (मेंदूज्वरावरची) लस लागते हेही लक्षात ठेवा. परदेशातून आलेल्या मुलांना लसीचे कागद आणायला ३० दिवसांची सवलत असते.

आणि टीबी. भारतातून आलेल्या मुलांना बहुतेक वेळा टीबीची टेस्ट करायला सांगतात. आपल्या पोरांना जन्मतःच बीसीजी दिलेली असते आणि तिच्यामुळे हातावर टोचून करतात ती टेस्ट चुकून पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे, मग आईबापाची झोप उडते. रक्ताची जी टेस्ट असते तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही, डॉक्टरांना बीसीजी झाल्याचं आधीच सांगा आणि रक्ताची टेस्ट करता येईल का ते विचारा.

चौथी पायरी: घरी कुठली भाषा बोलता?

रजिस्ट्रेशनमध्ये हा एक छोटा फॉर्म असतो. खूप पालक तिथे घाईने इंग्लिश लिहितात, त्यांना वाटतं मराठी लिहिलं तर पोराला मागे टाकतील. असं करू नका. घरी मराठी बोलता तर मराठीच लिहा. त्यावरून शाळा मुलाची इंग्लिशची छोटी चाचणी घेते, ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, आणि गरज असली तर ईएसएलचा, म्हणजे घरी दुसरी भाषा असलेल्या मुलांसाठीचा इंग्लिशचा तास मिळतो. त्या तासाला छोटा ग्रुप असतो आणि शिक्षिका अशाच मुलांसोबत काम करणाऱ्या असतात. इंग्लिश मीडियमची मुलंसुद्धा पहिले दोन-तीन महिने उच्चारामुळे गप्प बसतात, त्यांनाही याचा आधार होतो. नको असेल तर पालक लेखी नकार देऊ शकतात, पण मूल इंग्लिश शिकणाऱ्यांच्या यादीत असेपर्यंत वर्षातून एकदा इंग्लिशची परीक्षा मात्र होतेच. आणि पालकांना स्वतःला इंग्लिश कमी येत असेल तर महत्त्वाच्या मीटिंगला दुभाषी मागता येतो. तो फुकट मिळायला हवा, तो तुमचा हक्क आहे, आजी-आजोबा मुलांची जबाबदारी घेत असतील त्या घरांना हे खास सांगते.

पाचवी पायरी: कुठल्या इयत्तेत बसवणार

साधारण वयावर ठरतं. किंडरगार्टनसाठी पाच वर्षं पूर्ण व्हायची तारीख डिस्ट्रिक्ट ठरवतो, खूप ठिकाणी १ ऑक्टोबर आहे, तुमची तपासा. आपल्याकडे एप्रिलमध्ये तिसरी संपवून आलेलं मूल इथे परत तिसरीच्याच शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत बसतं कारण इथलं वर्ष सप्टेंबर ते जून असतं. पालक वाद घालतात की आमचं वर्ष वाया गेलं. मला तर वाटतं हे सोन्यासारखे दोन महिने आहेत, मार्कांचं टेन्शन नाही, बस कशी पकडायची, जेवणाच्या रांगेत काय बोलायचं, मित्र कसे करायचे एवढंच शिकायचं, आणि सप्टेंबरमध्ये सगळ्यांबरोबर चौथी सुरू.

नववीपासून पुढे मात्र लक्ष घाला. हायस्कूल चार वर्षांचं, नववी ते बारावी, आणि पास व्हायला कमीत कमी १२० क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या कोर्सचे गुणांक लागतात. आठवी, नववी, दहावीच्या सही-शिक्क्याच्या मार्कशीट आणि जमलं तर अभ्यासक्रमाची प्रत आणा. आपल्या गणितात बीजगणित-भूमिती बरोबरीने चालते आणि इथे अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू असे वर्षा-वर्षाचे वेगळे कोर्स असतात, त्यामुळे काउन्सेलर, म्हणजे विषय निवडायला मदत करणारे शाळेतले सल्लागार, मुलाला सुरुवातीच्या कोर्सला बसवू शकतात. मूल पुढचं शिकलेलं असेल तर प्लेसमेंट टेस्ट घ्या असं ईमेलने कळवा, पहिल्याच आठवड्यात, नंतर वर्ग भरतात.

सहावी पायरी: हे स्टँडर्ड स्टँडर्ड काय चाललंय

बॅक टू स्कूल नाइटला, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीच्या पालकसभेला, शिक्षिका म्हणतात की आम्ही नवे स्टँडर्ड लागू केलेत, सगळे मान डोलावतात आणि बाहेर आल्यावर मला विचारतात, पण पुस्तक कुठलं घ्यायचं?

आपल्याला बालभारतीची सवय आहे. १९६७ पासून राज्याचं एक पुस्तक, गडचिरोलीत तेच आणि दादरला तेच, कुठला धडा चालू आहे ते पुस्तक उघडलं की कळतं. इथे राज्य पुस्तक देत नाही. राज्य फक्त हे सांगतं की अमुक इयत्तेच्या शेवटी मुलाला काय काय यायला पाहिजे, त्याला स्टँडर्ड म्हणतात. ते कसं शिकवायचं, कुठल्या क्रमाने, कुठलं पुस्तक वापरून, तो झाला करिक्युलम, आणि तो प्रत्येक डिस्ट्रिक्ट स्वतः बनवतो आणि बोर्ड मंजूर करतं. म्हणून शेजारच्या गावातल्या भाचीचं पुस्तक वेगळं असलं तरी दोघींना यायला पाहिजे ते एकच.

थोडा इतिहास, कारण व्हॉट्सॲपवर यावर बरंच चुकीचं फिरतं. २०१० मध्ये कॉमन कोअर नावाचे इंग्लिश आणि गणिताचे स्टँडर्ड आले, ते राज्यांच्या गव्हर्नरांच्या आणि शिक्षणप्रमुखांच्या संघटनांनी मिळून केले होते, दिल्लीसारखं वॉशिंग्टनने लादलेलं काही नव्हतं. बहुतेक राज्यांनी घेतले, टेक्सास आणि व्हर्जिनियाने कधीच घेतले नाहीत, त्यांचे स्वतःचे आहेत, तिकडे बदली झाली तर हे ध्यानात ठेवा. न्यू जर्सीने २०१० लाच घेतले, मग २०१६ मध्ये बदल करून न्यू जर्सी स्टुडंट लर्निंग स्टँडर्ड्स असं नाव दिलं. त्यानंतर २०२० मध्ये हवामान बदल हा विषय वेगवेगळ्या विषयांच्या स्टँडर्डमध्ये घातला, असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य, आणि ते २०२२ च्या सप्टेंबरपासून वर्गात आलं. इंग्लिश आणि गणिताचे स्टँडर्ड पुन्हा तपासून ऑक्टोबर २०२३ मध्ये स्टेट बोर्डाने मंजूर केले आणि सप्टेंबर २०२४ पासून शाळांनी लागू केले, त्यात खालच्या वर्गांच्या गणितात माहिती गोळा करणं, तक्ते वाचणं याच्यावर भर वाढलाय. आणि २०२२ च्या जानेवारीत कायदा झाला की आशियाई अमेरिकन लोकांचा इतिहासही शिकवायचा, म्हणजे आपल्या मुलांच्या वर्गात आपलीही गोष्ट येते, मला त्याचा फार आनंद झाला होता.

आता घरातलं भांडण, ते म्हणजे गणित. माझा मुलगा तिसरीत होता, ३४८ अधिक २७५ करत होता आणि त्याने लिहिलं, ३०० आणि २०० पाचशे, ४० आणि ७० एकशे दहा, ८ आणि ५ तेरा, सगळे मिळून ६२३. मी म्हटलं हे काय लांबण लावलंय, हातचा घे आणि मोकळा हो, आणि मी त्याला तसं करायला लावलं. दुसऱ्या दिवशी वहीत शिक्षिकेचा शेरा, विचार कसा केला ते दाखव. मी रागाने भेटायला गेले. त्यांनी समोर स्टँडर्डचा कागद ठेवला. हातच्याची जी आपली उभी मांडणी आहे, तिच्यावर पकड येणं हे बेरीज-वजाबाकीसाठी चौथीत अपेक्षित आहे, उभा गुणाकार पाचवीत, आणि लांबलचक भागाकार सहावीत. त्याच्या आधीची वर्षं शेकडा-दशक-एकक हे आकडे आतून कसे बनलेत ते कळण्यासाठी ठेवलीयेत. घरी येताना मला मंडईतल्या भाजीवाल्या मावशी आठवल्या, त्या तर हिशोब असाच करतात, आधी शंभरच्या नोटांचं, मग दहाचं, मग सुट्ट्यांचं, आणि कधी चुकत नाहीत.

तेव्हापासून मी दोन्ही करते. शाळेची पद्धत शाळेच्या वहीत, ती मोडायची नाही, आणि पाढे घरी रात्री जेवण झाल्यावर. पाढे इथेही लागतात बरं का, तिसरीच्या अखेरीस एक अंकी गुणाकार पाठ असायला पाहिजेत असं स्टँडर्डमध्येच आहे, त्यामुळे बे एके बे म्हणायला लाजू नका. मोजमापाचा मात्र त्रास होतो, इंच, फूट, कप, पाउंड, फॅरनहाइट, तेवढं घरात स्वयंपाक करताना सहज शिकवा.

स्टँडर्ड वाचायचे कसे, तर राज्याच्या शिक्षण खात्याच्या साइटवर सगळे इयत्तेवार आहेत. प्रत्येकाला नंबर असतो, ३.एनएफ.ए.१ म्हणजे तिसरी, अपूर्णांक, त्यातला पहिला. मुलाच्या पेपरवर असा नंबर दिसला की तो शोधून वाचायचा, दोन ओळी असतात, आणि मग शिक्षिकेला नेमकं विचारता येतं. "माझं मूल अभ्यासात कसं आहे" या प्रश्नाला "छान आहे, गोड आहे" एवढंच उत्तर मिळतं. "त्याला अपूर्णांक संख्यारेषेवर दाखवता येतात का" असं विचारलं की त्या वही काढून दाखवतात. इथे हेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, नेमकं विचारायचं आणि शक्यतो लिहून विचारायचं.

रिपोर्ट कार्ड

खालच्या वर्गांत बऱ्याच ठिकाणी मार्क नसतात, १ ते ४ आकडे असतात. ३ म्हणजे पंचाहत्तर टक्के नव्हे! ३ म्हणजे या वेळेला जे यायला पाहिजे ते येतं. नोव्हेंबरमध्ये २ असेल तर शिकतोय, अजून वर्ष बाकी आहे. एका ताईंनी २ बघून त्याच आठवड्यात दोन ट्यूशन लावल्या, पोरगं रोज रात्री रडायचं, जूनमध्ये बघितलं तर ट्यूशन न लावलेल्या बऱ्याच मुलांचेही ३ आले होते. पहिलं वर्ष तरी थांबा, पोराला रुळू द्या. तिसरीपासून राज्याची परीक्षा असते, एनजेएसएलए, तिच्यावर मुलाचं पास-नापास ठरत नाही, पोट दुखेपर्यंत तयारी करून घेऊ नका.

रोजचं थोडक्यात

बस आठवीपर्यंत घर दोन मैलांपेक्षा लांब असेल तर आणि हायस्कूलला अडीच मैलांपेक्षा लांब असेल तर द्यावीच लागते, जवळ असाल तर डिस्ट्रिक्टची मर्जी. इमर्जन्सी यादीत एक शेजारी नक्की घाला, ज्याचं नाव नाही त्याच्या ताब्यात शाळा मूल देत नाही, मग तो सख्खा काका का असेना. डब्यात शेंगदाण्याची चटणी, लाडू द्यायच्या आधी वर्गात कोणाला ॲलर्जी आहे का विचारा. महिन्यातून एक फायर ड्रिल आणि एक सुरक्षेची ड्रिल होते, दार बंद करून अंधारात गप्प बसायचं असतं, मुलांना आधी सांगून ठेवा नाहीतर घाबरतात. बर्फ पडला की शाळा बंद किंवा उशिरा आहे असा सकाळी साडेपाचला फोन येतो, नंबर बरोबर द्या.

मूल अडतंय असं वाटलं तर

वाचायला जड जातंय, लक्ष लागत नाही, बोलणं उशिरा आलं, हे आपल्याकडे आपण लपवतो. इथे लपवू नका. चाइल्ड स्टडी टीमकडे, म्हणजे अशा मुलांची तपासणी करणाऱ्या शाळेतल्या तज्ज्ञांकडे, तपासणीची मागणी लेखी करा, तारीख घालून, तोंडी सांगितलेलं धरत नाहीत. लेखी मिळाल्यावर साधारण २० दिवसांत त्यांना मीटिंग घ्यावी लागते. सगळं फुकट आहे, आणि तुमच्या सहीशिवाय पहिली तपासणीही होत नाही आणि मदतीचा प्लॅनही सुरू होत नाही. इंग्लिश नवीन आहे म्हणून थांबू असं सांगितलं तरी मूल मराठीतही अडत असेल तर ते स्पष्ट सांगा, आईला जे दिसतं ते कागदावर यायला पाहिजे.

बोर्डाच्या मीटिंगला एकदा तरी जा

व्हिसावर आहोत, मत देता येत नाही, म्हणून आपले लोक जातच नाहीत. पण मीटिंग सगळ्यांना खुली असते आणि बोलायला वेळ राखून ठेवलेला असतो. नवा करिक्युलम, नवं वाचनाचं पुस्तक, पुढच्या वर्षीच्या सुट्ट्या, सगळं तिथेच मंजूर होतं. मध्य न्यू जर्सीतले काही डिस्ट्रिक्ट आज दिवाळीला सुट्टी देतात, ती पालकांनी अशाच मीटिंगांमध्ये उठून बोलल्यामुळे मिळालीये.

आणि मराठी सोडू नका. शिक्षकच सांगतात की घरची भाषा पक्की असली की इंग्लिश लवकर येतं. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या, म्हणजे इथल्या मराठी मंडळांच्या मध्यवर्ती संस्थेच्या, मराठी शाळा शनिवारी-रविवारी भरतात, तुमच्या जवळची शोधा. न्यू जर्सीत २०१६ पासून सील ऑफ बायलिटरसी आहे, म्हणजे बारावी होताना इंग्लिशबरोबर दुसऱ्या भाषेत चांगलं लिहिता-बोलता आलं तर तशी नोंद मिळते, आणि मराठीची परीक्षा देऊन ती मिळवता येते. तुमच्या हायस्कूलमध्ये ती घेतात का हे नववीतच काउन्सेलरला विचारून ठेवा, बारावीत विचारलं तर कधीकधी तारीख निघून गेलेली असते.